गणनेबाहेरची माणसे

जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि सोळा वर्षांच्या अंतराने देशाची शिरगणती होणार हे निश्चित झाले. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात घरयादी व घरगणना, फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष लोकसंख्या-गणना आणि १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक, असा कार्यक्रम ठरला. लडाख आणि हिमालयातील बर्फाच्छादित भागांसाठी हाच दिनांक १ ऑक्टोबर २०२६ असा ठेवण्यात आला. तेव्हापासून वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर जी चर्चा चालली आहे ती मी शक्य तितकी वाचतो आणि ऐकतो. ती मुख्यतः तीन विषयांभोवती फिरते. जातीची नोंद कशी होणार, मतदारसंघांच्या पुनर्रचनेत कोणत्या राज्याचे पारडे जड होणार, आणि कागदाऐवजी मोबाईलवर होणारी ही पहिली गणना कितपत विश्वासार्ह असेल.

तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणि सरकारी आकडेवारीशी आयुष्यातील बरीच वर्षे संबंध आलेला माणूस म्हणून मला चौथा प्रश्न अधिक सतावतो. या गणनेतून कोण सुटणार? जे सुटतात ते कुठल्याच वादात पक्षकार नसतात. आपण मोजले गेलो नाही हे त्यांना कळतही नाही. म्हणूनच त्यांच्याविषयी लिहावे असे वाटले. सेवेतील माणसाने धोरणाविषयी लिहिताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो. येथील मते माझी व्यक्तिगत आहेत, हे सांगून पुढे जातो.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. १९८१ च्या जनगणनेत त्यांना प्रगणकाचे काम मिळाले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमचे गाव साखर कारखान्याच्या परिसरात होते. गावठाणातील घरे आठवड्याभरात उरकली. राहिले ते ओढ्याच्या पलीकडचे माळरान. तिथे बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या होत्या. उसाची पाने आणि बांबू यांच्या त्या कमानदार झोपड्यांना ना घरक्रमांक होता, ना दार. शिवाय दिवसा तिथे जाऊन उपयोगही नव्हता. माणसे पहाटेच फडावर जात आणि अंधार पडल्यावर परतत. त्यामुळे वडील संध्याकाळी जेवण करून निघत आणि कंदील धरायला मला बरोबर घेत.

वडिलांनी आधी कारखान्याच्या शेतकी विभागात जाऊन माणसांची यादी मागितली होती. तेथील कारकुनाने वही दाखवली. वहीत मुकादमाचे नाव आणि पुढे कोयत्यांची संख्या होती. एक कोयता म्हणजे एक जोडपे. बारा कोयते, अठरा कोयते, असा तो हिशेब. कोयत्याबरोबर आलेली पोरे, नातवंडे सांभाळायला आलेली म्हातारी, यांपैकी कोणी त्या वहीत नव्हते. वही खोटी नव्हती. कारखान्याला ऊस तोडणारे हात हवे होते, तेवढेच तिने मोजले होते. कोण कशासाठी मोजतो यावर कोण मोजले जाते हे ठरते, ही गोष्ट पुढे विद्यापीठात पुस्तकांतून शिकलो, पण पाहिली होती ती तिथे.

कोप्यांमधील काम सावकाश चाले. बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. मग शेजारची बाई ते सांगे आणि सगळ्या हसत. वय कुणालाच ठाऊक नसे. वडील विचारीत, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झाले होते का? दुष्काळात सुकडी वाटत होते तेव्हा हा मुलगा चालत होता की कडेवर होता? उत्तरावरून हिशेब करून ते वय लिहीत. एका कोपीत बारा दिवसांचे बाळ होते. त्याचे नाव ठेवलेले नव्हते. आई म्हणाली, याला कशाला लिहिता, याला अजून नाव नाही. वडिलांनी ‘बाळ’ असे लिहिले आणि त्याची पावती वेगळी भरली. त्या कोपीच्या तोंडाशी बसलेल्या म्हातारीने विचारले, “मास्तर, आमाला मोजून सरकार काय करनार?” वडील म्हणाले, “मोजल्याशिवाय देता येत नाही, आजी.” म्हातारी तत्काळ म्हणाली, “आन मोजल्यावर देत्यात व्हय?”

वडिलांनी उत्तर दिले नाही. त्यांनी कंदील थोडा वर धरायला सांगितले आणि पुढची पावती काढली.

या आठवणीत भावनेचा भाग आहे हे मान्य करतो, पण ती सांगण्याचे कारण निराळे आहे. आपल्याकडील जनगणनेचा नियम असा आहे की माणूस साधारणतः जिथे राहतो तिथे त्याची नोंद व्हावी. मात्र गणनेचा संपूर्ण काळ जो आपल्या घरापासून दूर आहे त्याची नोंद, तो जिथे सापडेल तिथे करावी. नियम शहाणपणाचा आहे. पण गणनेचे दिवस फेब्रुवारीचे, आणि फेब्रुवारी हा उसाच्या गाळपाचा ऐन हंगाम. वीटभट्ट्याही तेव्हाच चालतात, शहरांतील बांधकामेही. म्हणजे देशातील फार मोठा कष्टकरी वर्ग नेमक्या त्याच दिवसांत घराबाहेर असतो. घरयादी त्याआधीच्या महिन्यांत होते. त्या काळात ऊसतोड कुटुंबे बीड-जालन्याच्या गावी असल्याने तिथली घरे नांदती दिसतात. फेब्रुवारीत त्याच घरांना कुलूप असते आणि कारखान्याच्या परिसरात, जिथे घरयादीत मोकळे माळरान नोंदले गेले होते, तिथे शेकडो माणसे राहत असतात. प्रगणकाला कामाचा गट नेमून दिला जातो तो घरयादीवरून. त्याने कुलूप पाहून शेजाऱ्यांकडे चौकशी करावी, आणि दुसऱ्या जिल्ह्यातील त्याच्या सहकाऱ्याने यादीत नसलेल्या झोपडीपर्यंत चालत जावे, अशी आपली अपेक्षा असते. माझे वडील गेले. सगळेच गेले असतील असे नाही.

हा केवळ तर्क नाही. प्रत्येक जनगणनेनंतर नमुना पद्धतीने तपासणी करून किती माणसे सुटली याचा अंदाज घेतला जातो. १९९१ मध्ये हे प्रमाण हजारी १८ होते. २००१ मध्ये ते २३ झाले आणि २०११ मध्येही २३ च राहिले. जगातील इतक्या मोठ्या गणनेसाठी हे प्रमाण वाईट नाही, आणि आपल्या प्रगणकांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण १२१ कोटींच्या देशात हजारी २३ म्हणजे पावणेतीन कोटींच्या आसपास माणसे होतात. एखाद्या मध्यम आकाराच्या राज्याइतकी. ही माणसे साऱ्या समाजात सारखी विखुरलेली असती तर फारसे बिघडले नसते, कारण मग सर्वांचेच प्रमाण सारखे घटले असते. तसे होत नाही. सुटतात ती प्रामुख्याने फिरस्ती, भाड्याच्या खोलीत दाटीने राहणारी, मालकाच्या जागेत झोपणारी आणि तान्ही मुले. ज्यांना सरकारी हिशेबात असण्याची सर्वांत अधिक गरज, त्यांच्याच सुटण्याची शक्यता सर्वांत अधिक.

येथे मला माझ्याकडून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. २०११ साली मी दिल्लीत सरकारी वसाहतीत राहत होतो. रविवारी सकाळी प्रगणक बाई आल्या. त्या शाळेतील शिक्षिका होत्या आणि थकलेल्या दिसत होत्या. घरात किती जण, असे त्यांनी विचारले. मी चार सांगितले. चौघांची माहिती लिहून झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीकडे पाहून विचारले, “पीछे कोई रहता है?” मागे एक जोडपे आणि त्यांचा दोन वर्षांचा मुलगा राहत असे. बाई आमच्याकडे स्वयंपाक करायची, नवरा वसाहतीत कपड्यांना इस्त्री करायचा. पूर्व उत्तर प्रदेशातील ते कुटुंब तीन वर्षे तिथे होते. मी म्हणालो, “त्यांचे घर गावी आहे, तिथे लिहिले जातील.” बाईंनी मान हलवली, पत्नीने दिलेला चहा घेतला आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

पुढे काही वर्षांनी कार्यालयात सुटलेल्या लोकसंख्येचे तक्ते वाचत असताना तो प्रसंग एकदम आठवला. नियमाप्रमाणे त्या तिघांची नोंद माझ्या घरामागच्या खोलीतच व्हायला हवी होती. गावी त्यांच्या भावाने नियमाला धरून उत्तर दिले असेल, तर त्यांची नोंद कुठेच झाली नसणार. ज्याला हा नियम पाठ असायला हवा होता, ज्याच्या वडिलांनी कोपीतले बारा दिवसांचे बाळ सोडले नव्हते, त्याने तीन माणसे एका वाक्यात देशाबाहेर टाकली. मला त्यात काही गैर केल्यासारखे तेव्हा वाटलेही नाही. ‘त्यांचे घर गावी आहे’ हे वाक्य आपण सुशिक्षित लोक किती सहज उच्चारतो!

२०२० च्या मार्चमध्ये त्या वाक्याची किंमत काय असते ते देशाने पाहिले. टाळेबंदी जाहीर झाली आणि महामार्गांवर माणसे चालू लागली. कोणत्या शहरात बाहेरून आलेले किती मजूर आहेत, याचा भरवशाचा आकडा कोणत्याही पातळीवर हाताशी नव्हता. मे महिन्यात शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांना दोन महिने धान्य देण्याचे ठरले, तेव्हा त्यांची संख्या आठ कोटी धरण्यात आली. तो अंदाज होता. अंदाज करणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मीही अंदाजच केला असता. सांगायचे एवढेच की संकटाच्या दिवशी माणसे मोजता येत नाहीत, ती आधी मोजलेली असावी लागतात.

त्याच टाळेबंदीने जनगणनाही थांबवली. घरयादीचे काम १ एप्रिल २०२० पासून सुरू व्हायचे होते. ते पुढे ढकलणे त्या वेळी योग्यच होते. परंतु नंतर जिल्हा, तालुका, गाव यांच्या सीमा गोठवण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली, आणि सीमा गोठल्याशिवाय गणना होत नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी चाललेला हा क्रम १९१८ च्या इन्फ्लुएंझानंतर तुटला नाही, १९४१ मध्ये महायुद्ध चालू असतानाही गणना झाली, मग तक्ते भलेही अपुरे निघोत. १९८१ मध्ये आसाम आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मीर वगळावे लागले, तरी उर्वरित देश मोजला गेला. तो क्रम आपल्या पिढीत तुटला. महासाथीमुळे लागलेला उशीर समजण्यासारखा आहे. महासाथ ओसरल्यावर लागलेला उशीर समजून घेणे मला तरी कठीण जाते.

या उशिराची झळ कुणाला लागली? राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि नागरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क त्याने दिला. हे टक्के ज्या लोकसंख्येवर लावायचे ती प्रसिद्ध झालेल्या जनगणनेची. २०११ च्या आकड्यांवरून ८१.३५ कोटी ही मर्यादा निघाली आणि ती तशीच राहिली. आता साधे त्रैराशिक मांडावे. लोकसंख्या १४० कोटी धरली आणि त्याच प्रमाणाने हिशेब केला, तर ९४ कोटींच्या जवळपास आकडा येतो. नागरीकरण वाढल्यामुळे तो थोडा खाली येईल, तरी फरक दहा कोटींपेक्षा कमी होणे अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात ही संख्या नव्याने ठरवण्याचे निर्देश केंद्राला दिले होते. पण नव्या जनगणनेवाचून ते कसे करायचे, या प्रश्नापाशी गाडी अडली.

व्यवहारात याचा अर्थ असा होतो की राज्याचा कोटा भरलेला असतो. नवी सून घरात आली, मूल जन्मले, की अर्ज घेतला जातो आणि कोणाचे तरी नाव कमी होईपर्यंत थांबायला सांगितले जाते. शिधापत्रिका देशभर कुठेही चालावी अशी व्यवस्था आता सर्व राज्यांत झाली आहे आणि ती मला अलीकडच्या काळातील अत्यंत चांगली सुधारणा वाटते. पण जिच्याजवळ पत्रिकाच नाही तिला त्या सोयीचा काय उपयोग? कोणी म्हणेल, गरिबी घटली आहे, इतक्यांना धान्य द्यायचे कशाला? हा युक्तिवाद मी सरसकट नाकारणार नाही. तसे असेल तर संसदेत चर्चा करून कायद्यातील टक्केवारी बदलावी. जुन्या जनगणनेच्या आडून हक्काला परस्पर मर्यादा पडावी, हे मात्र प्रशासनाच्या कुठल्याच तत्त्वात बसत नाही.

धान्य हे एक उदाहरण झाले. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे, लोकवस्ती पाच हजारांवर, घनता चौरस किलोमीटरला चारशेच्या वर आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी निदान तीनचतुर्थांश शेतीबाहेर असतील, तर ते गाव शहर मानले जाते, मग कारभार ग्रामपंचायतीकडे का असेना. अशी जनगणना-शहरे २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट. त्यानंतरच्या दशकात किती गावांनी ही रेषा ओलांडली असेल! तिथे गटारे, पाणी आणि रस्त्यांची गरज शहराची असते आणि व्यवस्था गावाची. बेरोजगारी, आरोग्य, खर्च यांच्या नमुना पाहण्यांसाठीही गावे आणि वस्त्या निवडायला आधार लागतो तो जनगणनेचाच. आधार जुना झाला की त्यावर उभे केलेले सारे आकडे हळूहळू कलू लागतात, आणि ते कलले आहेत हे दाखवायलाही नवी जनगणनाच लागते.

आता जातीविषयी. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने जातींच्या नोंदीला मान्यता दिली. १९३१ नंतर सर्व जातींची अशी नोंद जनगणनेत प्रथमच होणार. ती असावी की नसावी, या वादात येथे शिरत नाही. पण २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेचा अनुभव विसरू नये. ती जनगणना कायद्याच्या चौकटीबाहेर झाली होती. महाराष्ट्र शासनाने त्या माहितीसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा २०२१ मध्ये केंद्राने शपथपत्रात सांगितले की १९३१ मध्ये ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या, आणि २०११ च्या गणनेत ४६ लाखांहून अधिक नावे जमा झाली. लोकांनी आडनाव सांगितले, कुळ सांगितले, पोटजात सांगितली, आणि लिहिणाऱ्याने ऐकू आले तसे लिहिले. प्रश्न वाढवणे सोपे असते, उत्तर शिस्तीने नोंदवणे अवघड. आणि माझ्या मूळ मुद्द्याशी याचा संबंध असा की, ज्यांना सामाजिक न्यायासाठी मोजायचे आहे त्यांपैकी अनेक समूह, विशेषतः भटके आणि विमुक्त, हेच मोजणीतून सुटण्याचा धोका सर्वाधिक. जातीचा रकाना कितीही काटेकोर आखला तरी जो माणूसच यादीत आला नाही त्याची जात कोण लिहिणार?

मग करावे काय? माझ्या मते चार गोष्टी सहज शक्य आहेत.

पहिली, वेळेविषयी. या वेळी नागरिकांना संकेतस्थळावर स्वतःची माहिती स्वतः भरता येईल अशी सोय केली आहे. ती उत्तम आहे, पण तिचा लाभ घेणार कोण? जे पूर्वीही सुटत नव्हते तेच. तेव्हा स्वयंगणनेमुळे प्रगणकांचा जो वेळ वाचेल तो कुठे खर्च व्हावा, हे जिल्हाधिकाऱ्यांनी आधीच ठरवावे. फ्लॅटच्या दारावरील वाचलेला अर्धा तास बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांकडे वळला तर त्या तंत्रज्ञानाचे सार्थक होईल. नाही तर केवळ आपली सोय होईल.

दुसरी, ज्यांच्या छत्राखाली माणसे राहतात त्यांच्या जबाबदारीविषयी. १९४८ च्या जनगणना कायद्यात रुग्णालये, तुरुंग, धर्मशाळा, वसतिगृहे यांसारख्या ठिकाणच्या प्रमुखांवर तिथल्या माणसांच्या गणनेचे काम सोपवण्याची तरतूद आहे. त्याच भावनेने साखर कारखाने, वीटभट्ट्या, मोठी बांधकामे आणि गृहनिर्माण संस्था यांच्याकडून, गणनेच्या काळात आपल्या आवारात रात्री झोपणाऱ्या प्रत्येकाची यादी मागवावी. कारखान्याने कोयते नव्हे, डोकी मोजून द्यावीत, पोरासोरांसकट. प्रगणक ती यादी हाती घेऊन तपासायला जाईल.

तिसरी, प्रसिद्धीविषयी. २०११ मधील भाषांची आकडेवारी २०१८ मध्ये हाती आली. सात वर्षे जुना आकडा हा इतिहास झाला, त्यावर शाळा उघडता येत नाही. माहिती थेट मोबाईलवर भरली जाणार असेल, तर कोणता तक्ता केव्हा येणार याचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे, आणि किती माणसे सुटली याचा अहवालही मुख्य आकड्यांइतक्याच ठळकपणे द्यावा. आपली चूक आपण होऊन सांगणाऱ्या कार्यालयावर लोक अधिक विश्वास ठेवतात.

आणि चौथी, त्या विश्वासाविषयीच. जनगणनेत दिलेली व्यक्तिगत माहिती कोणाला पाहता येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही, असे कायद्याचे १५ वे कलम सांगते. हे कलम म्हणजे जनगणनेचे खरे भांडवल. २०२० च्या प्रारंभी लोकसंख्या नोंदवहीचे काम घरयादीबरोबर करण्याचे ठरले होते, तेव्हा माहिती द्यावी की न द्यावी या शंकेने अनेक घरे धास्तावली होती. शंका खरी की खोटी, हा मुद्दा वेगळा. दार उघडताना माणसाच्या मनात भीती असेल तर मोबाईलमधील कोणतीही प्रणाली ती भरून काढू शकत नाही. म्हणून १५ व्या कलमाचा आशय प्रत्येक भाषेत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि वस्तीच्या फलकावर लावावा. खर्च शाईचा आणि कागदाचा.

शेवटी, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांसाठी दोन शब्द. २०११ मध्ये ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. त्यांतील सुमारे ५५ लाख महाराष्ट्राबाहेरचे होते. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली येथील पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरे त्यांत आली. घरी मराठी बोलणारे काही स्नेही मला सांगतात की त्यांच्याकडे न विचारताच हिंदी लिहिले गेले, आणि त्यांनी ते सोडून दिले. सोडू नये. मातृभाषा म्हणजे बालपणी आईने आपल्याशी जी बोलली ती, ही जनगणनेची व्याख्या आहे. ती ठरवण्याचा अधिकार प्रगणकाला नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे घटनेचे ३५०-अ कलम सांगते. पण मुले आहेत हे आकड्यांत दिसले तरच वर्ग मागता येतो.

आणि स्वतःचे बरोबर लिहून झाले की तिथेच थांबू नये. आपल्या मागच्या खोलीत, जिन्याखाली, गच्चीवरच्या टाकीशेजारी, सोसायटीच्या पहारेकऱ्याच्या चौकीत कोण झोपते, ते प्रगणकाला आपण होऊन सांगावे. आपणही कुणाच्या तरी गावी परकेच आहोत. ‘त्यांचे घर गावी आहे’ असे आपल्याबद्दल कोणी म्हटले तर आपल्याला चालेल का? मी २०११ मध्ये गमावलेली संधी या वेळी गमावणार नाही. त्या कुटुंबाने दिल्ली सोडून बरीच वर्षे झाली. आता मागच्या खोलीत दुसरे जोडपे राहते. त्यांची नावे, वये आणि मुलांची जन्मसाले मी विचारून कागदावर लिहून ठेवली आहेत.

कोपीच्या तोंडाशी बसलेल्या त्या म्हातारीच्या प्रश्नाला वडिलांनी उत्तर दिले नव्हते. तीन दशके सरकारी नोकरी करून मलाही ते पुरते देता येईल असे वाटत नाही. मोजल्यावर मिळतेच, अशी हमी देण्याइतके आमचे काम चांगले नाही. पण न मोजता मिळालेले मी कधी पाहिले नाही. म्हणून निदान मोजण्यात तरी कसूर होऊ नये.